‘इलेव्हन’ लावलेला देश: परागंदा अफगाण महिला क्रिकेटपटूंच्या संघाचं प्रकरण

7 नोव्हेंबर 2023 ची वानखेडेवरची रात्र आठवते? अफगाणिस्तानच्या 291 धावा, ऑस्ट्रेलिया 7 बाद 91, आणि मग पायात गोळे आलेला ग्लेन मॅक्सवेल जागेवर उभा राहून नाबाद 201. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे त्याच्या पायांचीच चर्चा.

त्या सामन्यातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी बोललं नाही. याच दोन संघांची त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त अरब अमिरातीत तीन एकदिवसीय सामन्यांची मालिका ठरली होती. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने जानेवारीतच तिच्यातून अंग काढून घेतलं. कारण दिलं होतं ते अफगाणिस्तानातल्या मुलींच्या शिक्षणावर, नोकरीवर आणि वावरावर आलेल्या निर्बंधांचं. म्हणजे मार्चमध्ये ज्यांच्याशी खेळणं तत्त्वात बसत नव्हतं, त्यांच्याशी नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर खेळून झालं, कारण ती विश्वचषकाची लढत होती आणि गुण पणाला लागले होते. ज्या मुलींच्या नावाने हे सगळं चाललं होतं, त्यांतल्या बहुतेक जणी तेव्हा मेलबर्न आणि कॅनबेरात राहत होत्या आणि शनिवार-रविवारी तिथल्या क्लबांकडून खेळत होत्या.

हे प्रकरण त्यांच्या संघाचं आहे. खेळाडूंची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत, त्यांच्यापैकी काहींचे नातलग अजून तिकडेच आहेत. पदाधिकाऱ्यांची आणि संस्थांची नावं जाहीर आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

अफगाण क्रिकेट वाढलं ते निर्वासितांच्या छावण्यांत. सोव्हिएत फौजांच्या काळात पाकिस्तानात पळून आलेल्या कुटुंबांची मुलं पेशावरच्या आसपास क्रिकेट शिकली, आणि 1995 मध्ये तिथेच अफगाण क्रिकेटची संघटना उभी राहिली. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं (यापुढे आयसीसी) संलग्न सदस्यत्व मिळालं आणि 22 जून 2017 ला आयर्लंडबरोबर पूर्ण सदस्याचा दर्जा. परक्या देशात, निर्वासित म्हणून, देशाच्या नावाने संघ उभा करायचा ही या खेळाची तिथली जुनी रीतच आहे. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवावं.

महिलांचा संघ 2010 मध्ये बांधला गेला आणि 2014 मध्ये मोडला. 2017 मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळालं तेव्हा महिला संघ अस्तित्वात नव्हता. पूर्ण सदस्याकडे महिला क्रिकेटची काहीतरी घडी बसलेली असावी अशी अपेक्षा असते, पण तेव्हा ‘पुढे होईल’ म्हणून सोडून दिलं गेलं. 2020 मध्ये ते होऊ लागलं. काबूलमध्ये 40 मुलींचं शिबिर झालं आणि नोव्हेंबरमध्ये त्यातल्या 25 जणींना अफगाण क्रिकेट मंडळाने करार दिले. वर्षभरात मोठा दौरा होईल, अशी स्वप्नं बघायला हरकत नव्हती.

15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले. त्या दिवसापर्यंत करारातल्या 25 जणींना एकही आंतरराष्ट्रीय सामना मिळालेला नव्हता.

नंतरच्या आठवड्यांत काय झालं ते खेळाडूंनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. कुणी किट जाळलं, कुणी प्रमाणपत्रं नष्ट केली. ज्या कागदासाठी मुलींनी घरात भांडणं केली असतील, तोच कागद आता झडतीत सापडला तर घात करणार होता. बऱ्याच जणी लपतछपत पाकिस्तानात उतरल्या आणि तिथून ऑस्ट्रेलियाला गेल्या. ऑस्ट्रेलियाची माजी खेळाडू आणि समालोचक मेल जोन्स, तिच्यासोबत एमा स्टेपल्स आणि कॅथरीन ऑर्डवे, या तिघींनी व्हिसा, वाहनं, पैसा असं जमेल तसं जमवून खेळाडू आणि घरचे मिळून शंभरावर माणसं बाहेर काढली. यात कुठल्या क्रिकेट मंडळाचा पुढाकार नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

मी आमच्या भागातल्या मुलींच्या क्रिकेट स्पर्धेचं कागदपत्रांचं काम बघतो. दोन हंगामांपूर्वी ऊसतोड कामगारांच्या मुलींचा एक संघ आला. छान खेळायच्या. अर्जाला शाळेचं पत्र हवं होतं. गावाकडची शाळा म्हणे, ‘मुली सध्या इथे नाहीत.’ कारखान्याजवळची शाळा म्हणे, ‘पटावर नाहीत.’ शेवटी आम्ही त्यांना कुठल्याच शाळेच्या नावाने न घेता नुसतं ‘इलेव्हन’ म्हणून घेतलं. टेनिस बॉलच्या स्पर्धांत आपल्याकडे गणपती मंडळापासून रिक्षा स्टँडपर्यंत कुणीही इलेव्हन होतं, त्याला कुणाची मान्यता लागत नाही.

अफगाण मुलींची अडचण याच जातीची होती, फक्त अर्जाची खिडकी फार मोठी होती. आयसीसी खेळाडूंशी व्यवहार करत नाही, देशाच्या मंडळाशी करते. महिला संघ असावा की नसावा, कुणाला निवडावं, हे मंडळाचं काम. मंडळ म्हणणार, आम्ही देशाच्या कायद्याबाहेर जाऊ शकत नाही. आणि कायदा करणाऱ्यांपैकी तालिबानच्या सांस्कृतिक आयोगाचे उपप्रमुख सप्टेंबर 2021 मध्येच सांगून बसले होते की महिलांनी क्रिकेट खेळण्याची गरज नाही, खेळताना चेहरा आणि अंग झाकलेलं राहणार नाही. झालं वर्तुळ पूर्ण.

आयसीसीने नोव्हेंबर 2021 मध्ये उपाध्यक्ष इम्रान ख्वाजा यांच्या नेतृत्वाखाली एक कार्यगट नेमला. पुढची काही वर्षं या गटाचा सूर एकच राहिला: मंडळाला त्यांच्या सरकारच्या कायद्यासाठी शिक्षा करायची नाही, संवाद चालू ठेवायचा. मधल्या काळात आयसीसीच्या उत्पन्नातला अफगाण मंडळाचा वाटा वाढतच होता. 2024 ते 2027 च्या महसूल वाटपात तो वर्षाला सुमारे 1 कोटी 68 लाख डॉलर इतका सांगितला गेला. परागंदा मुलींच्या वाट्याला त्यातलं काही येण्याची सोय नव्हती, कारण पैसे मंडळाला जातात.

इथे दोन गोष्टी बाजूबाजूला ठेवून बघाव्यात. एक, आयसीसीला निलंबन करता येत नाही असं नाही. सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून झिम्बाब्वेला जुलै 2019 मध्ये आणि श्रीलंकेला नोव्हेंबर 2023 मध्ये निलंबित केलेलं आहे, दोघेही काही महिन्यांत परत आले. दोन, अफगाण पुरुष संघ आजही काळा-लाल-हिरवा तिरंगा घेऊन उतरतो आणि जुन्या प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत वाजतं. तालिबानचा पांढरा झेंडा आयसीसीच्या मैदानावर नाही. जे सरकार 2021 मध्ये पडलं त्याच्या झेंड्याखाली पुरुष खेळतात, आणि त्यात नियमाला काही खटकत नाही. मुलींच्या बाबतीत मात्र नियम अक्षरशः वाचला गेला. माझ्या मते या प्रकरणाची कळ इथेच आहे, आणि मुलींच्या बाजूने तिचा वापर फारसा झाला नाही.

समोर कोणते रस्ते होते

गप्प राहणं हा पहिला, आणि सुरुवातीला तोच बरोबर होता. घरचे काबूल, हेरात, कंदाहारकडे अडकलेले असताना फोटो छापून आणणं म्हणजे पत्ता देणं.

दुसरा रस्ता, ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेत विरघळून जाणं. क्लबकडून खेळा, चांगलं खेळलात तर राज्य संघ, पुढेमागे नागरिकत्व आणि कदाचित पिवळी जर्सी. एकेकीसाठी हा रस्ता उघडा होता आणि तो वाईट नव्हता. पण संघ म्हणून त्यात संपून जाणं होतं.

तिसरा, पुरुष संघावर बंदी मागणं. बाहेरचे लोक हे जोरात मागत होते. जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनच्या 160 वर लोकप्रतिनिधींनी चॅम्पियन्स ट्रॉफीतला अफगाणिस्तानविरुद्धचा सामना खेळू नका म्हणून इंग्लंडच्या मंडळाला पत्र लिहिलं, दक्षिण आफ्रिकेच्या क्रीडामंत्र्यांनीही तोच सूर लावला. मार्चमध्ये ह्यूमन राइट्स वॉचने आयसीसीकडे थेट निलंबनाची मागणी जाहीर केली. वर्णद्वेषी धोरणामुळे 1970 पासून दोन दशकं दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर राहिली, तो दाखला सगळे देत होते. तरी या रस्त्याला एक काटा होता. पुरुष संघातले राशिद खान, मोहम्मद नबी हे अफगाण घराघरांत प्रिय आहेत आणि डिसेंबर 2024 मध्ये मुलींच्या वैद्यकीय शिक्षणावर बंदी आली तेव्हा या दोघांनी उघडपणे विरोध नोंदवला. त्यांचं खेळणं बंद करा असं आपल्याच देशातल्या मुलींनी म्हणणं म्हणजे उरलासुरला पाठिंबाही गमावणं.

चौथा रस्ता सगळ्यात मोहाचा. सरळ म्हणायचं की अफगाणिस्तानचा महिला संघ आम्हीच, करार आमच्याकडे आहेत, देशाचं नाव आमचं. याची दोन उदाहरणं डोळ्यांसमोर होती आणि दोन्ही वेगळ्या दिशेला बोट दाखवत होती.

एक उदाहरण बेसबॉलचं. क्यूबातून बाहेर पडलेल्या व्यावसायिक खेळाडूंनी 2022 मध्ये स्वतःची संघटना उभी केली. न्यूयॉर्क यांकीजचा माजी पिचर ऑर्लँडो हर्नांडेझ, ज्याला सगळे ‘एल दुके’ म्हणतात, त्या जुळवाजुळवीत पुढे होता. एका वर्षाआधीच, ऑक्टोबर 2021 मध्ये, मेक्सिकोत 23 वर्षांखालील विश्वचषकाला गेलेल्या क्यूबाच्या 24 पैकी 12 खेळाडूंनी परत जायला नकार दिला होता, त्यामुळे माणसांची वाण नव्हती. पण जागतिक बेसबॉल क्लासिकचं, म्हणजे देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेचं, दार राष्ट्रीय महासंघालाच उघडतं. तिथे हा संघ अडला. वर मार्च 2023 च्या स्पर्धेत हवानाच्या अधिकृत संघानेच अमेरिकेत खेळणाऱ्या योआन मोंकादा आणि लुईस रॉबर्टला घेतलं, मायामीत उपांत्य फेरी गाठली आणि तिथे अमेरिकेकडून 14-2 असा मार खाल्ला. महासंघाने खिडकी किंचित उघडली की बाहेरच्या संघाची हवा जाते, हा त्यातला धडा.

दुसरं उदाहरण ऑलिंपिकचं. पॅरिस 2024 ला अफगाणिस्तानचे सहा खेळाडू आले, तीन मुली आणि तीन मुलगे, तिरंगा घेऊन. ऑलिंपिक समितीने परदेशात असलेल्या अफगाण ऑलिंपिक पदाधिकाऱ्यांशीच व्यवहार केला. तालिबानने ‘आमचे तीनच’ म्हणून मुलींना नाकारलं, त्याने काही अडलं नाही. म्हणजे परागंदा कारभाऱ्यांना मान्यता देणं ही अशक्य गोष्ट नाही. फक्त क्रिकेटमध्ये मंडळाचे कारभारी काबूलमध्येच होते आणि पुरुष संघ जोरात होता. परागंदा मंडळ म्हणून उभं राहायला मुलींकडे मंडळातलं कुणी नव्हतं.

पाचवा रस्ता: देशाचं नाव बाजूला ठेवून निर्वासितांचा संघ मागणं. रिओ 2016 पासून ऑलिंपिकमध्ये तसा संघ असतो. क्रिकेटमध्ये असलं काही कधी झालेलं नव्हतं.

काय केलं

पहिली दोन-तीन वर्षं भाषा शिकणं, नोकरी-कॉलेज, घरच्यांची काळजी आणि क्लब क्रिकेट यात गेली. मधूनमधून आयसीसीला विचारणा झाली, हाती काही ठोस लागलं नाही.

खरा निर्णय 2024 च्या जून-जुलैतला. टी-20 विश्वचषकात राशिदच्या संघाने किंग्जटाउनला ऑस्ट्रेलियाला 21 धावांनी हरवलं आणि पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. सगळं जग अफगाण क्रिकेटचं कौतुक करत होतं. त्याच दिवसांत करारातल्या 17 जणींनी आयसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग बार्कले यांना पत्र लिहिलं. त्याची रचना बघण्यासारखी आहे. सुरुवात पुरुष संघाच्या अभिनंदनाने. मग, आम्हाला तसं खेळता येत नाही याचं दुःख. मग, मंडळाच्या मान्यतेशिवाय राष्ट्रीय संघ म्हणून आम्हाला घेता येणार नाही हे आम्ही समजतो, अशी कबुली. आणि मग मागणी: ऑस्ट्रेलियातल्या पूर्व आशिया क्रिकेट कार्यालयाच्या देखरेखीखाली निर्वासित संघ उभा करायला मदत करा.

पत्र कुणाला उद्देशून आहे ते ओळखून लिहिलेलं पत्र. ‘नाही’ म्हणायच्या ज्या सबबी समोरच्याकडे तयार असतात, त्या आधीच मान्य करून टाकल्या. सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे मारलेल्या कुणालाही हे कसब कळेल.

आयसीसीकडून लगेच काही हललं नाही. मात्र पत्र जाहीर झालं आणि ऑस्ट्रेलियाच्या मंडळाची पंचाईत झाली. होबार्टची 2021 मधली कसोटी, 2023 ची एकदिवसीय मालिका, ऑगस्ट 2024 ची टी-20 मालिका, तिन्ही वेळा ‘महिलांसाठी’ म्हणून माघार घेतली होती. आता त्याच महिला त्यांच्याच शहरात बसून ‘आम्हाला एक सामना द्या’ म्हणत होत्या.

30 जानेवारी 2025, जंक्शन ओव्हल

मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातलं हे मैदान. शेन वॉर्न ज्या क्लबकडून खेळला त्याचं घर. समोर ‘क्रिकेट विदाउट बॉर्डर्स’ या धर्मादाय संस्थेचा संघ. त्याच दिवशी काही किलोमीटरवर मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर (एमसीजी) ऑस्ट्रेलिया-इंग्लंड महिलांच्या अ‍ॅशेसची दिवस-रात्र कसोटी सुरू होत होती. 1949 नंतर एमसीजीवर महिलांची कसोटीच झालेली नव्हती. तारीख जाणूनबुजून तीच धरली होती: जगातले महिला क्रिकेटवर लिहिणारे पत्रकार आयतेच शहरात होते.

मेलबर्न आणि कॅनबेरा यांत साडेसहाशे किलोमीटरचं अंतर. संघ म्हणून सगळ्या एकत्र खेळण्याची ही पहिलीच वेळ. अफगाण मुलींनी 20 षटकांत 7 बाद 103 केल्या आणि सात गडी राखून त्या हरल्या. क्रिकेट म्हणून सामन्यात सांगण्यासारखं एवढंच. साडेतीन वर्षं वेगवेगळ्या क्लबांत खेळलेल्या अकरा जणींकडून पहिल्या दिवशी याहून जास्त अपेक्षा करणंही बरोबर नाही.

धावफलकावर मात्र काय लिहिलं होतं ते महत्त्वाचं. ‘अफगाणिस्तान विमेन्स इलेव्हन’. निर्वासित संघ नाही, कुठल्या संस्थेचं नाव नाही. देशाचं नाव आहे, आणि त्याला शेपूट लावलं आहे. 2018 च्या जुलैपासून आयसीसीच्या सगळ्या सदस्य देशांच्या महिला संघांमधल्या टी-20 लढतींना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळतो. भूतान किंवा ब्राझील खेळले तरी नोंद होते. या सामन्याची तशी नोंद नाही. इलेव्हन या एका शब्दामुळे नियम मोडला गेला नाही, आणि त्याच शब्दामुळे देशाचं नाव फलकावर आलं. पत्रात जे नाव मागितलं नव्हतं ते मैदानावर घेता आलं. ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण या सगळ्या प्रकरणात मला ती सगळ्यात जास्त आवडते.

निष्पत्ती

26 फेब्रुवारीला चॅम्पियन्स ट्रॉफीत लाहोरमध्ये इंग्लंड अफगाणिस्तानशी खेळलं, इब्राहिम झादरानने 177 केल्या आणि इंग्लंड 8 धावांनी हरलं. बहिष्काराचा विषय तिथेच विझला.

13 एप्रिल 2025 ला आयसीसीने घोषणा केली. 1 डिसेंबर 2024 पासून अध्यक्षपद जय शाह यांच्याकडे होतं. भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन मंडळांना सोबत घेऊन एक कृतिगट, विस्थापित अफगाण महिला खेळाडूंना थेट आर्थिक मदत देणारा निधी, आणि प्रशिक्षण, सुविधा, मार्गदर्शन असा कार्यक्रम. जुलैतल्या वार्षिक परिषदेत पुढचा टप्पा आला: देशांतर्गत सामन्यांची संधी, आणि 2025 चा भारतातला महिला विश्वचषक व 2026 चा इंग्लंडमधला टी-20 विश्वचषक यांत खेळाडूंचा ‘सहभाग’. हा सहभाग म्हणजे खेळणं नव्हे. लग्नपत्रिकेत ‘उपस्थिती प्रार्थनीय’ असते तसा. नवी मुंबईत 2 नोव्हेंबर 2025 ला भारताने चषक उचलला त्या स्पर्धेत आठ संघ होते आणि आठांत हे नाव असणार नव्हतं.

म्हणजे पैसा आला, प्रशिक्षक आले, संघाला मान्यता आली नाही. घोषणांमध्ये ‘खेळाडू’ हा शब्द होता, ‘संघ’ हा शब्द नव्हता.

फुटबॉलकडे बघितलं की हे जास्त खुपतं. अफगाण महिला फुटबॉलपटूही ऑस्ट्रेलियातच आल्या. मे 2025 मध्ये फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, त्यांच्या निर्वासित संघाला हिरवा कंदील दिला आणि ऑक्टोबरमध्ये ‘अफगाण विमेन युनायटेड’ मोरोक्कोत फिफाच्या स्पर्धेत उतरली. चाडकडून 6-1, ट्युनिशियाकडून 4-0 असा पराभव, मग लिबियाला 7-0 ने हरवलं. त्यांनी खेळून दाखवलं, आणि तेही फिफाच्याच मैदानावर.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा 2022 ची. फुटबॉलच्या मुली मेलबर्नला आल्यावर वर्षभराच्या आत एका व्यावसायिक क्लबच्या छत्राखाली, अफगाण महिला संघ म्हणून, व्हिक्टोरियाच्या राज्य लीगमध्ये एकत्र खेळू लागल्या. खालच्या विभागात का होईना, दर आठवड्याला अकरा जणी एका जर्सीत. फिफाला 2025 मध्ये नवा संघ शोधावा लागला नाही, मैदानावर धूळ खाल्लेला संघ समोर होता. क्रिकेटच्या मुली दोन शहरांत आणि अनेक क्लबांत विखुरल्या. त्यातून एकेकीचं क्रिकेट नक्की सुधारलं असेल. पण 2024 मध्ये पत्र लिहिताना त्यांच्या हातात 17 सह्या होत्या, संघ नव्हता. आयसीसीला ‘खेळाडूंना मदत’ म्हणून विषय आटोपता आला तो यामुळे, असं मला वाटतं. हे इथे बसून सांगणं सोपं आहे, हेही खरं. 2022 मध्ये त्या मुलींच्या डोक्यात लीगचं वेळापत्रक असायला हवं होतं, असं म्हणायची माझी तयारी नाही. ते डोक्यात ठेवायचं काम यजमान मंडळाचं होतं. पुरुषांच्या मालिका सोडायला त्यांना काही आठवडे लागले, महिलांना एक दुपार द्यायला साडेतीन वर्षं.

दुसरी जागा पत्राची. देशाचं नाव न मागण्याने दार उघडायला मदत झाली, याबद्दल मला शंका नाही. पण वाटाघाटीत पहिलीच मागणी खाली ठेवली की समोरचा त्याच्याही खाली उतरतो. निर्वासित संघ मागितला, मिळाला निधी. पुरुष संघ पडलेल्या सरकारच्या झेंड्याखाली खेळतो, पॅरिसला परागंदा पदाधिकाऱ्यांना मान्यता मिळाली, या दोन गोष्टी पत्रात ठामपणे मांडून आधी नाव मागितलं असतं, आणि निर्वासित संघ हा तडजोडीचा मुद्दा म्हणून हातात ठेवला असता, तर? कदाचित पत्र केराच्या टोपलीत गेलं असतं. माझे एक मित्र, जे जिल्हा पातळीवर अशा वाटाघाटी करून पांढरे झाले आहेत, ते म्हणतात की गेलंच असतं. माझं मत अजून तसं नाही.

तिसरी जागा आकड्याची, आणि इथे माझी तक्रार जास्त ठाम आहे. अफगाण मंडळाला वर्षाला जाणाऱ्या 1 कोटी 68 लाखांपैकी किती टक्के महिला क्रिकेटसाठी बाजूला काढून बाहेरच्या संघाला द्यावेत, हा प्रश्न टक्क्यात विचारायला हवा होता. एक टक्का म्हणजे 1 लाख 68 हजार डॉलर. क्लब पातळीच्या संघाचा हंगाम त्यात निघतो. टक्का मागितला की तो हक्क होतो आणि दरवर्षी येतो. निधी आला तो दात्यांच्या मर्जीने आला, आणि एप्रिलच्या घोषणेत त्याची रक्कमच नव्हती.

चौथी जागा जंक्शन ओव्हलच्या दुसऱ्या दिवसाची. पहिला सामना तारीख बघून ठेवला, जगभर बातमी झाली. त्याच पत्रकार परिषदेत दुसऱ्या सामन्याची तारीख जाहीर व्हायला हवी होती, प्रतिस्पर्धी कुणीही चालला असता: व्हिक्टोरियाचा दुसरा संघ, विद्यापीठाचा संघ, नाहीतर आमच्या मुंबई-पुण्यातला एखादा जिमखाना. स्पर्धा चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. कुठलीही नवी टीम पहिल्या वर्षी पाहुणी असते. दुसऱ्या वर्षी अर्ज आला की मग तिचं नाव छापील फलकावर चढतं, आणि तिसऱ्या वर्षी इलेव्हन खोडलं तरी कुणी हटकत नाही.